करेन्नी शेजाऱ्यांना मदत करायची आहे? दुसऱ्या वर्षापासून सुरुवात करा

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका लहान शहरातून एका ताईंनी विचारलंय: मांसाच्या कारखान्यात काम करणारी काही करेन्नी कुटुंबं आमच्या भागात राहायला आली आहेत. म्यानमारहून आलेले निर्वासित आहेत, एवढंच कळलं. आमच्या मराठी मंडळातल्या काही जणींना त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतंय. कपडे, भांडी गोळा करू का? इंग्रजी शिकवू का? सुरुवात कुठून करावी आणि काय टाळावं? मंडळाकडे थोडे पैसे जमले तर ते कशाला वापरावेत?

कपडे-भांडी नकोत. जानेवारी 2025 पासून अमेरिकेने निर्वासितांचा प्रवेश जवळजवळ थांबवला आहे. म्हणजे तुमच्याकडची कुटुंबं विमानतळावरून थेट आलेली असण्याची शक्यता फार कमी. बहुधा ती दुसऱ्या राज्यात काही वर्षं राहून, कारखान्यात पगार बरा मिळतो हे नातेवाइकांकडून ऐकून आली असतील. त्यांच्याकडे सोफा आहे, भांडी आहेत, थंडीचे कोटही आहेत. पुनर्वसन संस्था पहिल्या नव्वद दिवसांत घर, शाळा, सोशल सिक्युरिटी कार्ड, डॉक्टरची पहिली भेट एवढं करून देते आणि पुढच्या कुटुंबाकडे वळते. चर्चचे स्वयंसेवकही त्याच काळात गर्दी करतात. मी या क्षेत्रात केसवर्कर म्हणून बरीच वर्षं काम करते आणि दर वेळी हेच पाहते की दुसऱ्या वर्षी घरात टपालाचा ढीग साठलेला असतो आणि तो वाचून सांगायला कोणी नसतं. तुमचं काम तिथे आहे.

आधी ही माणसं कोण ते थोडक्यात. म्यानमारच्या पूर्वेला, थायलंडच्या सीमेला लागून करेन्नी राज्य आहे. नकाशावर त्याला कायाह राज्य म्हणतात, राजधानी लोइकाव. 1875 मध्ये ब्रिटिश आणि बर्माचा राजा मिंडॉन यांच्यात झालेल्या करारात पश्चिम करेन्नीचं स्वातंत्र्य मान्य केलं होतं. तिथल्या लोकांना हा करार अजून तोंडपाठ असतो. 1948 पासून केंद्राशी सशस्त्र संघर्ष सुरू आहे. 1996 मध्ये लष्कराने गावंच्या गावं सक्तीने हलवली, हजारो लोक जंगलातून थायलंडच्या मे हाँग सोन प्रांतात पोचले आणि दोन छावण्यांत राहिले: बान माय नाय सोय आणि बान मे सुरिन. थायलंडने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे छावणीबाहेर पडलं की माणूस बेकायदेशीर ठरायचा. 2005 नंतर, या दोन धरून, सीमेवरच्या नऊ छावण्यांतून एक लाखाहून अधिक माणसं तिसऱ्या देशांत गेली, त्यातली बहुसंख्य अमेरिकेत. तुमच्या शेजारची पंचविशीतली मुलगी कदाचित छावणीतच जन्मली असेल. करेन्नी राज्य तिने कधी पाहिलंही नसेल.

आता एक गैरसमज, जो मदत करणाऱ्यांच्या मनात हमखास असतो. छावणीतून आलेली माणसं म्हणजे ज्यांना काही येत नाही, सगळं शिकवावं लागेल, असं धरून लोक कामाला लागतात. प्रत्यक्षात या छावण्या करेन्नी लोकांनीच चालवल्या. निवडून आलेली छावणी समिती, प्रत्येक भागाचा प्रमुख, स्वतःचा शिक्षण विभाग, दवाखान्यात छावणीतच तयार झालेले आरोग्यसेवक, तांदळाच्या वाटपाचे हिशोब, भांडणं मिटवणारी वडीलधारी मंडळी. कारखान्यात हाडं कापणारा पन्नाशीचा माणूस तिकडे शाळेचा मुख्याध्यापक असू शकतो. छावणीने त्यांच्या हातात येऊ दिल्या नाहीत त्या गोष्टी वेगळ्या: रोख पगार, भाडेकरार, विजेचं बिल, विमा, बँक, सही करण्याआधी वाचायचा कागद. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, माशांची पेस्ट आणि कोळसा रेशनवर मिळत होता, घर बांबू आणि पानांचं होतं, भाडं नव्हतं. उणीव आहे ती एवढ्याच पट्ट्यात, आणि ती कागदांची आहे.

म्हणून घरोघरी जाऊन दार ठोठावू नका. आधी त्यांचा म्होरक्या शोधा. जिथे दहा करेन्नी कुटुंबं असतात तिथे एक जण असतोच, ज्याला सगळे फोन करतात. बहुतेक वेळा तो कॅथोलिक किंवा बॅप्टिस्ट चर्चमध्ये भेटतो. काही घरं जुना निसर्गधर्म पाळणारी असतात, काही बौद्ध, तेव्हा फक्त चर्चवर विसंबू नका. कारखान्याच्या पाळ्या कोणत्या, कोणत्या घरात म्हातारी माणसं आहेत, कोणाच्या टपालात काय अडकलंय, हे तो सांगेल. त्याने 'सध्या फक्त गाडी शिकवा' असं सांगितलं तर फक्त गाडी शिकवा.

भाषेपाशी मात्र थांबायला हवं, कारण निम्मे घोळ तिथे होतात. दवाखाना किंवा शाळा फोनवर दुभाषा मागवते तेव्हा करेन आणि करेन्नी यांत गल्लत होते. करेन हा शेजारचा, संख्येने बराच मोठा समाज. त्यांची स्गॉ भाषा कायाह, म्हणजे करेन्नींची मुख्य भाषा, बोलणाऱ्याला कळत नाही. पलीकडचा दुभाषा स्गॉ करेन बोलतो, समोरची बाई मान डोलावत राहते, आणि डॉक्टर 'समजलं' असं लिहून मोकळे होतात. मान डोलावणं हा मोठ्या माणसाचा मान राखण्याचा भाग आहे, समजल्याची खूण नव्हे. त्यात भर म्हणजे करेन्नी म्हणवणाऱ्यांत कायाह, कायान, कायॉ असे अनेक गट आहेत आणि त्यांच्या भाषा वेगवेगळ्या आहेत. गळ्यात पितळी कडी घालणाऱ्या ज्या बायकांचे फोटो पर्यटक काढतात, त्या कायान. 'तुम्हाला बर्मी येतं का?' असं विचारलं तर तरुण 'हो' म्हणतील, आजीला बहुधा येत नसेल. म्हणून विचारायचा प्रश्न असा: घरात आजीशी कोणत्या भाषेत बोलता? उत्तर येईल ती भाषा एका कार्डावर इंग्रजीत लिहा, त्या कार्डाच्या प्रती काढा आणि घरातल्या प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा. सोबत एक इंग्रजी वाक्य पाठ करून घ्या: 'करेन्नी इंटरप्रिटर, प्लीज.' सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळाने आणि शाळेने दुभाषा फुकट द्यायचा असतो, हा नागरी हक्कांच्या कायद्यातला नियम आहे. 'सोबत कोणी आणा' असं खिडकीवरची बाई म्हणाली तरी तिथून हलू नये, हे शिकवण्यासारखं आहे. बारा वर्षांच्या मुलीला आईच्या गर्भाशयाच्या तपासणीचा दुभाषा करू देऊ नका. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता राग येतो.

लिहिलेल्या भाषांतरावर फार भिस्त ठेवू नका. कायाह ली नावाची स्वतंत्र लिपी 1962 मध्ये ठे बू फे यांनी तयार केली, छावणीच्या शाळांत ती शिकवली गेली, 2008 पासून ती युनिकोडमध्येही आहे. ती वाचणारे तरुण भेटतील. पण पन्नाशीपुढच्या बऱ्याच जणांना कोणतीच लिपी येत नाही, आणि शाळेने हौसेने पाठवलेलं बर्मी पत्रक त्यांच्यासाठी इंग्रजीइतकंच परकं. आवाजी निरोप चालतो. मेसेंजरवर कोणाकडून तरी मिनिटभराचा निरोप रेकॉर्ड करून घेतला की संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांत पोचतो.

नावांचं प्रकरण तर स्वतंत्र अभ्यासाचं आहे. करेन्नी लोकांत आडनाव नसतं. पुरुषाच्या नावाशेवटी बहुतेकदा 'रेह' येतं, बाईच्या नावाशेवटी 'मेह'. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात गेला आणि झालं असं की एका घरातला बाप आणि मुलगे 'रेह', आई आणि मुली 'मेह'. शाळा समजते की आई वेगळ्या घरातली. शिवाय शहरातले सगळेच रेह आणि मेह! जन्मतारीख माहीत नसलेल्यांना कागदावर 1 जानेवारी मिळाली आहे. आता कल्पना करा, औषधाच्या दुकानात तीन ग्राहक, नावं जवळपास सारखी, जन्मतारीख सगळ्यांची 1 जानेवारी. औषधं बदलली जातात, लसीकरणाच्या नोंदी दुसऱ्याच मुलाच्या फाइलमध्ये जातात. उपाय साधा आहे: प्रत्येकाच्या फोनमध्ये रुग्ण क्रमांक आणि पत्ता यांचा फोटो असावा आणि खिडकीवर नावासोबत तो दाखवायची सवय लागावी. मात्र जन्मतारीख 'दुरुस्त' करून द्यायच्या फंदात पडू नका. ती तारीख इमिग्रेशनच्या प्रत्येक कागदावर आहे. एका ठिकाणी बदलली की बाकीच्या सगळ्या ठिकाणी शंका उभी राहते. तसंच, कागदावर वेगळी केस म्हणून नोंदलेला माणूस घरात भाऊ म्हणून वावरत असेल तर खोदून विचारू नका. छावणीतली नोंदणी युद्धातून विखुरलेल्या कुटुंबांची होती.

आता टपाल. माझा सल्ला असा की मंडळाने एकच गोष्ट हाती घ्यावी: आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी टपालाचा तास. लोक प्लास्टिकच्या पिशवीत सगळं घेऊन येतात, जाहिरातीसुद्धा, कारण कोणता कागद महत्त्वाचा हे कळत नाही. तुम्ही वाचायचं, तीन ढीग करायचे: टाकून देण्याचे, जपून ठेवण्याचे, उत्तर देण्याचे. उत्तर देण्याच्या कागदासाठी फोन करावा लागला तर फोन त्यांनीच लावायचा, त्यांच्याच फोनवरून, स्पीकर चालू ठेवून. तुम्ही शेजारी बसायचं. तुम्ही केलेला फोन पाच मिनिटांत संपेल, त्यांचा पाऊण तास चालेल. तो पाऊण तास द्या, म्हणजे पुढच्या महिन्यात त्याच कामासाठी कोणी तुमच्याकडे येणार नाही.

या ढिगात सापडणारे काही कागद ओळखून ठेवा. एक, विमानभाड्याच्या कर्जाचा हप्ता. निर्वासितांना अमेरिकेला आणण्याचं तिकीट फुकट नसतं. ते बिनव्याजी कर्ज असतं, आल्यानंतर साधारण सहा महिन्यांनी फेड सुरू होते. काहींनी ते फेडून पतही चांगली केलेली असते, काहींनी पाकीटच उघडलेलं नसतं. दोन, ग्रीन कार्ड. निर्वासिताने एक वर्ष झाल्यावर त्यासाठी अर्ज करायचा असतो. बऱ्याच घरांत एखाद्याचं राहून गेलेलं असतं, आणि ते आता महागात पडतं, कारण 2025 च्या कायद्याने फूड स्टॅम्पसाठी, म्हणजे सरकारी अन्नमदतीसाठी, 'निर्वासित' ही पात्रताच काढून टाकली. तीन, पत्ता बदलल्याची सूचना. घर बदलल्यावर दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. दुसऱ्या राज्यातून आलेल्या तुमच्या शेजाऱ्यांनी पोस्टात कळवलं असेल, इथे नसेल. चार, अठरा ते पंचवीस वयाच्या मुलग्यांची सिलेक्टिव्ह सर्व्हिस नोंदणी, म्हणजे सक्तीची सैन्यभरती कधी झालीच तर त्यासाठीच्या यादीत नाव. हिचं नाव काढलं की घरात भीती पसरते, कारण सैन्यात नाव नोंदवणं म्हणजे काय हे त्यांनी वेगळ्या अर्थाने पाहिलंय. ही सध्या फक्त नोंदणी आहे हे शांतपणे सांगावं लागतं.

आणि नागरिकत्व. इथे एक चांगली गोष्ट घडते आहे आणि ती फार लोकांच्या लक्षात आलेली नाही. निर्वासिताच्या ग्रीन कार्डावरची तारीख मागे, म्हणजे देशात पाऊल ठेवल्याच्या दिवसापर्यंत नेली जाते. अर्ज पाच वर्षांनी करता येतो, पण आजी-आजोबा इंग्रजीच्या परीक्षेला घाबरून राहिले. आता वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण आणि पंधरा वर्षं ग्रीन कार्ड असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ होते, नागरिकशास्त्राचे प्रश्न स्वतःच्या भाषेत देता येतात. 2008 ते 2010 च्या सुमारास आलेल्या पिढीची पंधरा वर्षं आत्ताच भरली आहेत. दुभाषा त्यांनीच सोबत न्यायचा असतो, तेव्हा चांगला कायाह दुभाषा आधी ठरवून ठेवा. 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी प्रश्नसंच 128 प्रश्नांचा झाला आहे, मुलाखतीत वीसपर्यंत विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. पासष्टीपुढच्या आणि ग्रीन कार्डला वीस वर्षं झालेल्यांना यातही सूट आहे. प्रश्न आवाजी स्वरूपात घोटून घेणं हे मंडळातल्या निवृत्त शिक्षिकांनी आनंदाने करावं असं काम. नागरिकत्वाचं महत्त्व म्हाताऱ्यांना पैशांतही असतं: निर्वासित म्हणून मिळणारी एसएसआय ही वृद्ध-अपंगांची मदत सात वर्षांपुरतीच असते, नागरिक झाल्यावर ती मुदत उरत नाही.

पण फॉर्म तुम्ही भरू नका. इमिग्रेशनचा अर्ज कसा भरावा हे सांगण्याचा अधिकार वकिलाला किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला आहे. एच-वन-बी, ग्रीन कार्ड या वाटेने आलेल्या आपल्या लोकांना वाटतं की आम्हाला हे सगळं माहीत आहे. आपला अनुभव वेगळ्या कायद्याखालचा आहे, त्यांचा वेगळ्या. तुम्ही तारीख लक्षात ठेवा, गाडीने पोचवा, कागदांच्या प्रती काढा.

आरोग्याबद्दल तीन गोष्टी. पान खाण्याची सवय मोठी आहे: चुना, सुपारी, तंबाखू. आपल्याला हे ओळखीचं असल्यामुळे बोलणं सोपं जातं आणि बोलायलाच हवं, कारण दातांचा डॉक्टर लाल दात पाहून गोंधळतो आणि तोंडातला पांढरा चट्टा राहून जातो. दुसरं, लहान मुलांच्या रक्तातलं शिसं. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनमध्ये 2009 च्या सुमारास म्यानमारच्या निर्वासित मुलांत ते वाढलेलं आढळलं आणि शोध घेताना 'दॉ ट्वे' नावाचं बाळांच्या पोटासाठी देतात ते घरगुती औषध सापडलं. घरात तसं काही असेल तर ओरडू नका, पुडी डॉक्टरकडे न्यायला सांगा आणि मुलांची रक्ततपासणी करून घ्या. तिसरं, मन. थायलंडच्या छावण्यांतल्या करेन्नी निर्वासितांची एक पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नैराश्याची लक्षणं 41 टक्के आणि चिंतेची 42 टक्के लोकांत होती, आघातानंतरच्या मानसिक विकाराची फक्त 4.6 टक्के. माझ्या कामात हेच दिसतं. युद्धाच्या आठवणींनी दचकून उठणारा माणूस क्वचित भेटतो. डोकं दुखतं, झोप नाही, जेवण जात नाही, असं सांगणारे फार. आणि 1 फेब्रुवारी 2021 च्या लष्करी बंडानंतर करेन्नी राज्य पुन्हा पेटलं आहे. त्या वर्षी 24 डिसेंबरला फ्रूसो भागातल्या मो सो गावाजवळ तीसहून अधिक माणसं मारून जाळली गेली. अशा बातम्या फोनवर व्हिडिओ होऊन रात्रपाळीतून आलेल्या माणसापर्यंत पोचतात. 'तिकडचं काय चाललंय?' असं उत्साहाने विचारू नका. सांगायचं असेल तेव्हा ते सांगतात. आगीचा गजर वाजल्यावर एखादी बाई थरथरली तर बान मे सुरिनची आठवण असू शकते. 22 मार्च 2013 रोजी त्या छावणीला आग लागून 37 जण गेले.

कारखान्याबद्दल थोडकंच. मनगट, खांदे, पाठ जातात. कामावर लागलं तर त्याच दिवशी सुपरवायझरला सांगायचं आणि सांगितल्याचा कागद मागायचा, हे पुन्हा पुन्हा सांगा. न कळलेल्या कागदावर सही करू नये, हेही.

मुलांच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. लहान मुलं दोन वर्षांत इंग्रजी बोलायला लागतात, घराचे वकील, दुभाषे आणि बँक होतात, आणि आई-बापांचा शब्द चालेनासा होतो. सोळा-सतराव्या वर्षी आलेला मुलगा वयामुळे थेट वरच्या इयत्तेत बसतो, कंटाळतो आणि अठरा पूर्ण होताच बापाबरोबर कारखान्यात जातो. त्याला प्रौढ शिक्षणाची, तांत्रिक कोर्सची माहिती द्या. आई-वडील वेगवेगळ्या पाळ्यांत असतात, धाकटी भावंडं दहा वर्षांच्या ताईकडे सोपवलेली असतात. छावणीत दारं उघडी आणि शेजार भरलेला होता, तिथे हे चालायचं. इथे कोणी पोलिसांना कळवलं तर बालसंरक्षण खातं दारात येतं. हे धमकी म्हणून नाही, नियम म्हणून एकदा स्पष्ट सांगावं, आणि शक्य असेल तर पाळी बदलण्याच्या त्या दोन तासांसाठी कोणीतरी घरात बसावं.

इंग्रजीचे वर्ग काढायचेच असतील तर व्याकरण बाजूला ठेवा. बायकांना गाडी चालवण्याच्या लेखी परीक्षेचं इंग्रजी हवं असतं. ज्या घरात बाई गाडी चालवते त्या घरात डॉक्टरच्या भेटी चुकत नाहीत.

जेवणावर आपली आणि त्यांची गट्टी लवकर जमते. अंबाडीची भाजी त्यांच्या घरात नेहमीची, बांबूचे कोंब, चिंच, भोपळाही. भारतीय किराणा दुकान कुठे आहे एवढं दाखवलं तरी ते खूश होतात. मंडळातल्या शाकाहारी जणींनी मात्र माशांच्या पेस्टचा वास मनात धरूनच त्यांच्याकडे जावं, नाक मुरडणं फार लवकर दिसतं. उन्हाळ्यात पुरुष मासे धरायला जातील. परवाना, कोणता मासा किती आणि केवढा, हे नियम राज्याराज्यांत वेगळे असतात आणि दंड मोठा असतो, तेव्हा परवाना काढण्याचं काम टपालाच्या तासातच उरका. तांदळाची घरगुती दारू सणासुदीला असते. तिच्याबद्दल उपदेश नको, पण पिऊन गाडी चालवली तर नागरिकत्वाच्या अर्जाला अडथळा येऊ शकतो, हे पुरुषांना एकदा कानावर घाला.

मंडळाकडे थोडे पैसे जमले असतील तर ते कशाला वापरावेत, हेही विचारलंत. इस्पितळातला दुभाषा फुकट असतो, तुमच्या टपालाच्या तासाचा नसतो. दोन्ही भाषा येणारा एखादा करेन्नी तरुण किंवा तरुणी शोधा, कॉलेजात जाणारी असली तर उत्तम, आणि तासाप्रमाणे रीतसर पैसे द्या. आजवर ही मुलं सगळ्यांचं हे काम फुकटात करत आली आहेत, आणि परीक्षेच्या आठवड्यातही त्यांचा फोन थांबत नाही.